व्हिएतनाममधली 'चा' म्हणजे चहा, काढा का औषध? (जरा मोठं उत्तर आहे, सावकाश वाचा)

ताई, तुमचा प्रश्न मी परत एकदा थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. हनोईला येऊन तुम्हाला 4 महिने झालेत, सासूबाई राहायला आल्यात, वय 68, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू. समोरच्या आजी रोज थर्मासमधून काहीतरी आणून देतात आणि 'चा' म्हणतात, पण त्यात चहापत्ती दिसत नाही. सुपरमार्केटमधे पण प्रत्येक दुसऱ्या पाकिटावर 'चा' लिहिलेलं आणि मोबाईलवरचं ॲप सगळ्यालाच नुसतं टी म्हणतं. तर हे साधा चहा समजून द्यायचं का औषध समजून थांबवायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी मी कोण ते सांगते. मी फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. 13 वर्षं व्हिएतनाममधे आहे, पहिली 8 हनोईत आणि आता सायगॉनला. काम म्हणजे औषधांची लेबलं आणि कागदपत्रं व्हिएतनामीतून इंग्रजीत आणायची, आणि अधूनमधून आपल्याकडून आलेल्या पेशंटबरोबर दुभाषी म्हणून हॉस्पिटलात जायचं. त्यामुळे हा 'चा' शब्द माझ्या टेबलावर जवळजवळ रोज येतो आणि त्याने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलंय, ते पुढे सांगते.

तुमचा खरा प्रश्न 'चहा का औषध' हा नाहीये असं मला वाटतं. खरा प्रश्न आहे की कपात कुठली वनस्पती आहे, ती कशी केलीय, किती प्यायची आणि पिणारी व्यक्ती कुठल्या गोळ्यांवर आहे. 'चा' या शब्दावरून यातलं काहीच कळत नाही. आणि यात व्हिएतनामी लोकांचं काही चुकत नाही, आपण गवती चहा म्हणतोच की, त्यात चहा कुठे असतो? ते नुसतं गवत आहे. इथे त्याला 'सा' म्हणतात, आलं म्हणजे 'गुंग', आणि दोन्ही उकळून केलं की झाली 'चा सा गुंग'. घशाला बरं वाटतं तेही आपल्यासारखंच.

आता शब्दाचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. चहाला इथे दोन शब्द आहेत, एक 'चा' आणि एक 'चे', दोन्ही मूळ चिनी शब्दापासूनच आलेत, आपला चहापण तिथलाच. हनोईकडे उच्चार अगदी आपल्या गावाकडच्या 'च्या'च्या जवळचा, दक्षिणेत तोच शब्द 'ट्रा' असा जड होतो. 'चे' हा जास्त घरगुती, उत्तरेतला. पण गंमत अशी की 'चे' म्हणजे गोड पदार्थही असतो, मूग, नारळाचं दूध, साखर घालून खिरीसारखा. सायगॉनमधे तुम्ही 'चे' मागितलं तर वाटी आणि चमचाच येणार. मग हनोईवाल्यांना कसं कळतं कुठलं? क्रियापदावरून. 'उओंग चे' म्हणजे चे पिणं, तो चहा. 'आन चे' म्हणजे चे खाणं, ती खीर. ही गोष्ट मला पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या शिक्षिकेने सांगितली आणि ती मी अजून वापरते: व्हिएतनामीत नामापाशी अडकू नका, क्रियापद बघा.

औषधाच्या शब्दाचंही तसंच आहे. 'थुओक' म्हणजे औषध, पण तंबाखूपण थुओकच आणि पिकावर मारायचं कीटकनाशकपण थुओकच. आपल्याकडे शेतकरी कपाशीवर 'औषध मारतो' म्हणतात ना, अगदी तसं. 'उओंग थुओक' म्हणजे औषध पिणं, आणि गोळी असली तरी इथे ती 'पितात'. 'हूत थुओक' म्हणजे सिगरेट ओढणं.

मग कपातल्या वस्तूसाठी कुठली क्रियापदं बघायची? मुख्य दोन. एक 'हाम' आणि दुसरं 'साक'. हाम म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकण लावून मुरवत ठेवणं, हाच शब्द गाडीला ब्रेक लावतानाही वापरतात, म्हणजे धरून ठेवणं असा भाव. साक म्हणजे मंद आचेवर आटवणं, आपला काढा. हनोईतल्या जुन्या घरांत हाम करायला मोठी चिनीमातीची किटली असते, 'अम तिक' म्हणतात, ती कापूस भरलेल्या टोपलीत ठेवतात म्हणजे दिवसभर गरम राहते. आणि साक करायला मातीचं वेगळं भांडं, त्यात दुसरं काही शिजवत नाहीत. जुनी माणसं सांगतात 'तीन वाटी पाणी, एक वाटी राहीपर्यंत'. आपल्या आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट अशा पाच कल्पना आहेत, त्यातला फांट म्हणजे यांचं हाम आणि क्वाथ म्हणजे साक, असं धरलंत तरी काम भागेल. क्वाथाला तर आपल्याकडे 16 पट पाणी घालून आठवा भाग उरवायला सांगितलंय, म्हणजे तो किती दाट होत असेल बघा. तेच पान मुठीभर घेऊन हाम केलं तर एक गोष्ट आणि साक केलं तर दुसरीच, आणि दोन्हीला लोक चा म्हणू शकतात.

आता माझ्या अडचणीची गोष्ट. माझे बाबा एका उन्हाळ्यात हनोईला आले होते, वय 71, बीपीची गोळी आणि बरोबर लघवी वाढवणारी गोळी. हनोईच्या उन्हाळ्यात फुटपाथवर प्लॅस्टिकच्या छोट्या स्टुलांवर बसून लोक 'चा डा' म्हणजे बर्फ घातलेला पातळ चहा पितात, आणि त्याच टपरीवर 'न्यन चन' पण मिळतं, तपकिरी, सुगंधी, किंचित गोड. बाबांना ते इतकं आवडलं की रोज 4-5 ग्लास, जवळपास 3 आठवडे. मी काही बोलले नाही, मलाही ते सरबतच वाटायचं. मग पाय सुजायला लागले, बीपी 170 च्या वर, आणि रक्तात पोटॅशियम कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं काय काय पितात, आणि मी, जिचं कामच भाषांतर, मी सांगितलं 'चा'. डॉक्टरांनी लिहून घेतलं चहा आणि पुढे गेले. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा तिथल्या एका वयस्कर नर्सने मला थांबवून विचारलं, 'चा झी?' म्हणजे कसली चा? मी न्यन चन म्हणाले तर तिने लगेच विचारलं की त्यात 'काम थाओ' घातलेलं होतं का.

काम थाओ म्हणजे जेष्ठमध. टपरीवरच्या न्यन चनला जो गोडवा असतो तो बहुतेक वेळा त्याचाच. जेष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं, ते जास्त दिवस जास्त प्रमाणात पोटात गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं, बीपी वाढतं. लघवीच्या गोळीने पोटॅशियम आधीच कमी होत असतं, म्हणजे दोन्हीकडून फटका. बंद केल्यावर काही दिवसांत सूज उतरली, बीपी जागेवर आलं. पण मला अजून वाईट वाटतं की पहिल्या वेळी मी फक्त चा म्हणाले. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, सासूबाईंना डॉक्टरकडे नेलंत तर चहा पितात असं कधीच सांगू नका, कसली चा ते सांगा. आणि आजींनाही तेच विचारा, 'चा झी'.

न्यन चनबद्दल अजून एक, कारण इथे वनस्पतीचं नावही फसवतं. व्हिएतनामात जे न्यन चन मिळतं ते वेगळं झाड आणि चिनी औषधांच्या दुकानात त्याच नावाने येतं ते वेगळं, दवण्याच्या जातकुळीतलं. हा फरक इथल्या वैद्यकाच्या मुळाशीच आहे. लोक तीन प्रकारची औषधं सांगतात: 'थुओक नाम' म्हणजे दक्षिणेचं, स्वतःच्या मातीतलं, 'थुओक बाक' म्हणजे उत्तरेचं, चिनी पद्धतीचं, आणि 'थुओक ताय' म्हणजे पश्चिमेचं, आपल्या नेहमीच्या गोळ्या. 14 व्या शतकात तुए तिन्ह नावाचे बौद्ध भिक्षू-वैद्य होऊन गेले, त्यांच्या नावावर सांगतात ते वचन प्रत्येक जुन्या दुकानदाराला पाठ आहे, की दक्षिणेच्या माणसाला दक्षिणेचं औषध. आजींच्या थर्मासमधलं जे आहे ते बहुतेक थुओक नाम असणार, परसातलं. ओल्ड क्वार्टरमधे लान ओंग रस्त्यावरून गेलात तर नाकाला जो वास येतो त्यात थुओक बाक खूप असतं. तो रस्ता 18 व्या शतकातल्या मोठ्या वैद्यांच्या नावाचा आहे, लान ओंग म्हणजे आळशी म्हातारा, हे त्यांनी स्वतःच घेतलेलं टोपणनाव, दरबारी मानापानाचा कंटाळा म्हणून. सायगॉनच्या चो लोनमधेही त्यांच्याच नावाचा रस्ता आणि तिथेही जडीबुटीचीच दुकानं.

हनोईच्या आजी म्हटल्यावर माझा पहिला अंदाज मात्र 'नुओक वोई' असा आहे. नुओक म्हणजे पाणी. वोई हे आपल्या जांभळाच्या जातकुळीतलं झाड, लाल नदीच्या खोऱ्यात तळ्याकाठी असतं, त्याची पानं किंवा कळ्या वाळवून हाम करतात. रंग पिवळट तपकिरी, पहिला घोट तुरट, मागून थोडी चव गोडसर. हे इथे पिढ्यान्‌पिढ्या जेवणानंतर पितात. कॅफिनची भानगड नाही, त्यामुळे संध्याकाळीही चालतं. साखर कमी करण्याबद्दल त्याच्या कळ्यांवर प्रयोगशाळेत काम झालंय, पण म्हणून कोणी गोळी कमी करावी असं अजिबात नाही. सासूबाईंना जेवणानंतर एक पातळ कप असेल तर मी माझ्या आईला दिलं असतं, आणि पहिले काही दिवस घरी शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासली असती. हे कशावर अवलंबून आहे तर त्यांच्या शुगरच्या गोळ्या कुठल्या आहेत, किडनी कशी आहे, आणि मधेच साखर उतरते का यावर, ते मला इथून दिसत नाही.

कारल्याचं मात्र वेगळं. उत्तरेत 'मुओप डांग', शब्दशः कडू दोडका, आणि दक्षिणेत 'खो क्वा', तेच कारलं, पण पाकिटावर दोन्ही नावं येतात आणि लोकांना दोन वेगळ्या वस्तू वाटतात. याची चकत्या वाळवून केलेली चा शुगरवाल्यांना प्रेमाने भेट दिली जाते. कारल्याने साखर खरंच उतरू शकते, म्हणूनच गोळ्यांबरोबर रोज पिणं मला धोक्याचं वाटतं, विशेषतः या वयात, जेवण कमी झालं असेल तर.

मग कमळ, इथे मी स्वतः चुकले होते. झोप येत नव्हती म्हणून कोणीतरी 'सेन'ची चा पी म्हणालं, सेन म्हणजे कमळ, मी जाऊन 'चा सेन' घेऊन आले, महाग होती, आणि रात्री टक्क जागी. चा सेन म्हणजे खरा हिरवा चहा, कमळाच्या सुगंधात मुरवलेला. हनोईच्या पश्चिम तळ्याची कमळं जून-जुलैत पहाटे खुडतात, पुंकेसरांच्या टोकाचे पांढरे दाणे काढून चहाच्या थरांमधे पसरतात, एक किलो चहाला हजाराच्या आसपास फुलं लागतात. अतिशय सुंदर वस्तू आहे, पण कॅफिन आहेच. झोपेसाठी म्हणतात ती 'तम सेन', कमळबीच्या आतला हिरवा कोंब, जहाल कडू. तो आधी कोरडा भाजून घेतात. काही वनस्पतींना तर भाजून गरम गरम जमिनीवर पसरून निववायची रीत आहे, आणि लोक त्याचं नावच पाकिटावर लिहितात. तम सेन महिनोन्‌महिने पिऊ नये असं इथले वैद्यही सांगतात. ॲपला विचारलंत तर दोन्ही लोटस टी.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर 'चा' शब्दाच्या पुढचा शब्द वाचा, तो वनस्पतीचा असतो, आणि मग मागच्या बाजूला हाम लिहिलंय का साक ते शोधा. पाकिटावर अजून एक वाक्य हमखास असतं, 'उओंग थाय चा हांग न्गाय', म्हणजे रोजच्या चहाऐवजी प्या. हे वाचून आपल्याला वाटतं की रोज चालतं म्हणजे निरुपद्रवी. मी उलटं वाचते: रोज, बेहिशोबी, म्हणजेच गोळ्यांवर असलेल्या माणसाने जास्त विचार करायचा. त्याच पाकिटावर बारीक अक्षरात हेही असतं की हे औषध नाही आणि औषधाची जागा घेऊ शकत नाही, आरोग्यासाठीचं अन्न म्हणून विकलेल्या मालावर ते लिहावंच लागतं.

तुम्ही विचाराल की मग सगळे व्हिएतनामी लोक हे पितात कशाला? कारण त्यांच्या डोक्यात ते बहुतेक वेळा रोगावर नसतंच, ते 'मात' असतं. मात म्हणजे थंड, 'नाँग' म्हणजे गरम. तोंड आलं, पुटकुळ्या आल्या, लघवीला जळजळ झाली की म्हणतात आत नाँग झालंय. हे मराठी माणसाला समजवावंच लागत नाही, आपण उष्णता झाली म्हणतो आणि सब्जा भिजत घालतो. सब्जा इथेही आहे बरं का, दक्षिणेत 'हात ए' म्हणून सरबतात घालतात. आणि आपण ब्राह्मी म्हणतो ती मंडूकपर्णी, इथे 'झाउ मा', तिचा हिरवागार रस मिक्सरमधून काढून साखर बर्फ घालून गाडीवर विकतात, तो झाला आपला स्वरस. सायगॉनमधे 'नुओक सम' मिळतं, सम म्हणजे जिनसेंग, पण त्यात जिनसेंग नसतं, ऊस, मक्याचे केस, गवताची मुळं असं काय काय उकळलेलं असतं. मक्याचे केस लघवी वाढवतात, आणि साखर भरपूर असते, त्यामुळे सासूबाई कधी सायगॉनला आल्या तर ते टाळा.

अजून दोन पाकिटं तुमच्यासमोर नक्की येतील. एक 'आतिसो', आर्टिचोक, फ्रेंचांनी आणलं आणि डा लाटच्या थंड डोंगरात रुजलं, यकृताला चांगलं म्हणून सगळे पर्यटक घेतात. कधीतरी एक कप ठीक, पण पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, ते पित्त वाहतं करतं. दुसरं 'चे वांग', बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग चीकडचं. तुमच्या घरी बाळंतीण नाही पण हे सांगतेच, कारण जिवाचा प्रश्न आहे. वांगचा वेल आणि 'ला न्गॉन' नावाचा जहाल विषारी वेल पानांनी सारखे दिसतात, थोडी पानं पोटात गेली तरी माणूस जाऊ शकतो. वांगच्या पानाला तीन ठळक शिरा असतात आणि फूल पांढरं, न्गॉनचं फूल पिवळं, पण फूल नसताना मी स्वतः ओळखायची हिंमत करणार नाही. डोंगरात ट्रेकला गेलात आणि रस्त्यावर कोणी ताजा वेल विकत असेल तर घेऊ नका, सीलबंद घ्या.

दुकानातून सुटं घेणार असाल तर वजनाचंही बघा. बाजारात एक 'लांग' म्हणजे 100 ग्रॅम, पण जुन्या वैद्यकातला लांग साधारण 37.5 ग्रॅमचा. आपला तोळा जसा 11.66 ग्रॅमचा आणि सोनार 10 धरतो, त्याहून मोठा फरक. जुन्या वहीतली मात्रा आजच्या लांगने मोजली की जवळपास तिप्पट होते, हे मी भाषांतरात दोनदा पकडलंय.

आणि कोणाला विचारायचं तर, 'लुओंग ई' म्हणजे परंपरेने शिकलेला वैद्य, आणि पारंपरिक वैद्यकाची डिग्री घेतलेले डॉक्टर वेगळे. हनोईत पारंपरिक वैद्यकाचं केंद्रीय सरकारी हॉस्पिटल आहे, 1957 पासूनचं, आणि तिथल्या डॉक्टरांना थुओक ताय पण कळतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच माणसाला विचारता येतात. सासूबाईंच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नुसती नावं नको.

राहिल्या समोरच्या आजी. त्यांना नाही म्हणायला तुम्हाला संकोच वाटतोय हे तुमच्या लिहिण्यातून कळलं. इथे कोणालाही तुम्ही असं म्हणत नाहीत, नात्यानेच बोलतात, आजीला 'बा' आणि स्वतःला 'चाउ' म्हणजे नात. तर म्हणा, 'डय ला ला झी हा बा?', हे कुठलं पान हो आजी? त्या खूश होतील आणि बहुतेक परसातलं किंवा बाजारातलं पान आणून दाखवतील. आणि नको असेल तेव्हा सांगा की आई थुओक ताय घेतायत, डॉक्टरांना विचारून घेते. या वाक्याने इथे कोणी दुखावत नाही, थुओक ताय चालू असताना जपायचं हे आजींच्या पिढीला नीट माहीत असतं. थर्मास परत करताना रिकामा देऊ नका, चार करंज्या किंवा काहीतरी घालून द्या.

त्यांनी नाव सांगितलं तर ते कानाला जसं ऐकू येईल तसं इथे लिहा. आणि पाकीट असेल तर मागचा फोटो टाका, 'थान फन' असं जिथे लिहिलंय ती घटकांची ओळ स्पष्ट दिसू दे. सासूबाईंच्या गोळ्यांची नावंही द्या. मी वाचून सांगते काय काय आहे त्यात.